२५ मीटरसाठी न अडकणारं पॉइंट टू टू पिस्तूल कसं निवडावं?

भाऊ, तुम्ही विचारलंय की १० मीटर एअर पिस्तूल खेळून झालं, आता २५ मीटरसाठी भरवशाचं पॉइंट टू टू (म्हणजे .२२ इंची बोअरचं) सेमी-ऑटोमॅटिक, पुढची गोळी आपोआप चढवणारं, कोणतं घ्यावं, आणि राहता यवतमाळकडच्या खेड्यात. मी वर्धा जिल्ह्यातला, हाच प्रकार खेळतो.

नावंच हवी असतील तर पार्डिनी एसपी, वॉल्थर एसएसपी, मोरिनी सीएम २२ एम. यातलं एकही वाईट नाही. पण परदेशी पिस्तूल मागवायची सोय मुख्यतः नामांकित नेमबाजांना आणि रायफल असोसिएशनला आहे. बाकीच्यांच्या वाट्याला बहुधा वापरलेलंच येतं. म्हणून मॉडेल सोडा, समोरचा नग पारखायला शिका.

पॉइंट टू टू अडकतं ते बरेचदा मॅगझिनमुळे, म्हणजे गोळ्या भरायच्या पेटीमुळे. या राउंडच्या (पुंगळीसकट अख्ख्या गोळीच्या) बुडाला कडा असते. भरताना वरच्याची कडा खालच्याच्या कडेमागे गेली की पुढे सरकताना दोन्ही एकमेकांत गुंततात. मॅगझिनचे ओठ, म्हणजे वरच्या तोंडाच्या कडा, वाकले असतील तरी गोळी नीट चढत नाही. प्रत्येक मॅगझिनवर नंबर टाका. अडचण एकाच ठरावीक नंबरच्या मॅगझिनला येत असेल, तर दोष पिस्तुलाचा नाही.

दुसरं कारण गोळी. बार उडाल्यावर पुंगळी ज्या जोराने मागे रेटते, त्यावरच बोल्ट (मागेपुढे सरकणारा भाग) चालतो. टार्गेट पिस्तुलाच्या स्प्रिंग स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या (साधारण वेगाच्या), ४० ग्रेनच्या (सुमारे २.६ ग्रॅमच्या) गोळीसाठी बसवलेल्या असतात. हाय व्हेलॉसिटी (जास्त वेगाची) भरली तर बोल्ट आपटून भाग झिजतात, राउंड कमजोर असला तर पुंगळी अर्धवट अडकते. त्यात आपला उन्हाळा! शिशाच्या गोळीवर मेणाचा किंवा ग्रीसचा थर असतो. मे महिन्यात ४५ अंशांत डबा गाडीच्या डिकीत राहिला की तो थर मऊ पडतो, धूळ धरतो आणि चेंबर (नळीत राउंड बसतो ती जागा) चिकट होतं. राउंड घरात थंड जागी, कुलपात ठेवा, रेंजवरही सावलीत.

वापरलेलं बघताना आधी खात्री करा की ते रिकामं आहे, मग टॉर्चने चेंबरची कडा बघा. आधीच्या मालकाने राउंड न भरता नुसता ट्रिगर ओढून सराव केला असेल, तर फायरिंग पिनचा (राउंडवर आपटणाऱ्या खिळीचा) खड्डा तिथे दिसू शकतो. पुंगळी बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरचं नख तुटकं नको. जादा पिन आणि स्प्रिंग सोबतच मागून घ्या, यवतमाळात ऐन वेळी कुठून आणाल? २०२१ मध्ये टोकियोत मनू भाकरच्या एअर पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला होता. जगातल्या अव्वल खेळाडूवर ही वेळ येते, तर आपण सुटे भाग जवळ ठेवायलाच हवेत.

चाचणी सावकाश घेऊ नका. २५ मीटरच्या रॅपिड (जलद) फेरीत टार्गेट ३ सेकंद समोर, ७ सेकंद आड असतं. तुम्ही स्पर्धेत वापरणार तोच राउंड भरून, याच लयीत पाच-पाचच्या मालिका सलग मारा. ट्रिगर ओढायला किमान १००० ग्रॅमचा जोर लागतो ना, तेही वजन टांगून तपासा.

लायसन्सचा अर्ज मात्र आधी, पैसे नंतर. ९ एमएमचा नाद सोडा, ते प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्यांना मनाई असलेलं, आहे. कागदपत्रं होईपर्यंत जिल्हा असोसिएशनचं सदस्यत्व घेऊन तिथल्या पिस्तुलांवर खेळा. आपल्या पंजाला कोणती ग्रिप बसते, हे तिथेच कळेल.