बोटीवरचा जुना फ्रीज: गॅस भरण्याआधी कपाट उघडून बघा

गॅस भरू नका. निदान एवढ्यात तरी नको.

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं. भावाबरोबर भागीदारीत गोव्यात जुनी पर्यटक बोट घेतली, त्यात बारा व्होल्टचा जुना फ्रीज होता. तो काढून बेळगावजवळ खानापूरला आणला, मेकॅनिकनं साफ करून चालवून बघितला, मस्त गार झाला. परत बोटीवर बसवला. रात्री धक्क्यावर चार्जर लावला की सकाळपर्यंत फ्रीजरची प्लेट पांढरी होते, पण दुपारी दोनला पाण्याच्या बाटल्या कोमट, आणि संध्याकाळी बॅटरी बसलेली. मेकॅनिक म्हणतो गॅस कमी आहे, तुम्ही विचारताय भरू का.

मी बेळगावच्या शहापुरात फ्रीजचीच कामं करतो, आणि गोव्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधी बोटीवरचे फ्रीज घाट चढून माझ्याकडे येतात. प्रत्येकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: "गॅस भरा की ओ, होऊन जाईल." गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, वापरून संपत नाही. तो गळला तरच कमी होतो, आणि गळत असेल तर रात्रीही गळतो. तुमची प्लेट सकाळी पूर्ण पांढरी होतेय ना? मग मला फ्रीजपेक्षा त्याच्या कपाटावर जास्त संशय आहे.

खानापूरला नीट चालला यात नवल काही नाही. आपलं बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, खानापूरची हवाही तशीच, शिवाय तिथं फ्रीज मोकळ्या पडवीत ठेवला असणार. गोव्यात तो बंद कपाटात, वर फायबरचा तापलेला टप, आणि बऱ्याच बोटींत पलीकडच्या फळीमागं इंजिन. फ्रीज आतली उष्णता बाहेर टाकतो, ती कंडेन्सरच्या जाळीतून. ती हवा कपाटातच कोंडली तर तीच गरम हवा पंखा पुन्हा जाळीवर मारतो. घोंगडी पांघरून माणसाला चोर्ला घाट चढायला लावल्यासारखंच ते. आकड्यात सांगायचं तर फ्रीजरची प्लेट उणे 10 अंशांवर धरा. कंडेन्सर 45 ऐवजी 60 अंशांवर गेला तर नुसत्या कागदावरच्या हिशोबानं कार्यक्षमता पाचव्या हिश्श्यानं घटते. प्रत्यक्षात त्याहून जास्त, कारण मग कंप्रेसर थांबतच नाही.

खात्री करून घ्यायला एक फुकटची चाचणी आहे. दुपारी, फ्रीज नापास होतो त्याच वेळी, कपाटाचं दार किंवा मागची फळी पूर्ण काढा आणि धक्क्यावरच्या विजेवर एक टेबलफॅन थेट कंडेन्सरवर सोडा. चार्जरही चालू ठेवा. दोन-तीन तासांत प्लेट पुन्हा पांढरी व्हायला लागली तर गॅस शाबूत आहे. उलट, पंखा लावूनही प्लेटच्या एका कोपऱ्यातच, कॅपिलरी म्हणजे गॅसची बारीक नळी आत शिरते तिथंच बर्फ धरतो, बाकीची प्लेट ओली, कंडेन्सरला हात लावला तर जेमतेम कोमट, आणि कंप्रेसर अखंड चालू, असं असेल तर तुमचा मेकॅनिक बरोबर. तेव्हा सांध्यांवर तेलाचा डाग शोधा. गॅस गळतो तिथं थोडं तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते.

त्याआधी फ्रीज कुठल्या जातीचा ते बघा, कारण तुम्ही ते लिहिलेलं नाही. मागं काळा गोल कंप्रेसर आणि त्याच्या बाजूला छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी असेल तर तो साधा कंप्रेसरवाला. जुन्या बोटीत बहुतेकदा डॅनफॉस कंपनीचा बीडी 35 कंप्रेसर सापडतो. डॅनफॉसनं तो धंदा 2010 मध्ये विकला, आता त्याच कंप्रेसरवर सेकॉपचं नाव असतं. कंप्रेसर नाहीच, फक्त उभ्या नळ्या, खाली बर्नर आणि वर धुराडं, असं दिसलं तर तो स्वयंपाकाच्या गॅसच्या ज्योतीवर चालणारा अमोनियाचा फ्रीज. तो पर्यटकांच्या बोटीत ठेवूच नका. उघडी ज्योत, बंद केबिनमध्ये विषारी धूर, आणि स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळं गळला तर बोटीच्या तळाशी साचून राहतो. शिवाय बोट कलली की तो फ्रीज नीट चालत नाही. त्याच्या नळ्यांवर पिवळी पूड दिसली तर आतलं रसायन बाहेर आलंय, विषय संपला.

बीडी 35 असेल तर त्याची इलेक्ट्रॉनिक पेटी स्वतःच तक्रार सांगते. पेटीवर प्लस आणि 'डी' अशा दोन पिना असतात, त्यांच्यामध्ये एक छोटा एलईडी जोडायचा. बिघाड झाला की तो ठराविक वेळा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा तेवढ्याच वेळा लुकलुकतो. एकदा म्हणजे व्होल्टेज कमी. दोनदा म्हणजे पंखा जास्त करंट खेचतोय. तीनदा म्हणजे मोटर सुरूच होत नाहीये, बहुतेक दाब उतरलेला नसतो. चारदा म्हणजे ओझं इतकं की मोटर किमान वेगही धरत नाही. पाचदा म्हणजे पेटी स्वतः तापून बंद पडली. तुमची लक्षणं वाचून मला दुपारी पाचदा आणि संध्याकाळी एकदा लुकलुकणं अपेक्षित आहे. एलईडी खडेबाजारात कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळेल, दहा-वीस रुपयांचं काम. हे न बघता सिलिंडर जोडणारा मेकॅनिक अंदाजानं काम करतोय असं मी म्हणेन, राग आला तरी चालेल.

आता हवेचं बघू. हवा खालून गार आत यावी आणि वरून गरम बाहेर जावी, दोन्हींना वेगळी वाट हवी. बोटवाले काय करतात, तर कपाटाच्या दारालाच एक गोल जाळी बसवतात आणि झालं म्हणतात. त्या एकाच भोकातून हवा आत-बाहेर करायला बघते आणि जागच्या जागी फिरत राहते. खाली एक आणि वर एक, प्रत्येकी निदान दोन तळहात शेजारी ठेवल्याएवढं तोंड ठेवा. पट्ट्यांची जाळी लावणार असाल तर आणखी मोठं, कारण पट्ट्याच जवळजवळ अर्धी वाट अडवतात. डासांची बारीक जाळी तर लावूच नका, मीठ आणि धूळ धरून ती लवकरच गच्च होते.

भोकं पाडली तरी अर्धंच काम झालं. कंडेन्सरच्या चौकटीभोवती फट राहिली तर पंखा समोरची गार हवा घेण्यापेक्षा बाजूनं फिरून आलेली गरम हवाच ओढतो, कारण ती जवळ असते. म्हणून कंडेन्सरच्या कडेनं पत्र्याचा पडदा घालून कपाटाचे दोन भाग करायचे, एकीकडं गार, एकीकडं गरम. बेळगावात उद्यमबागेत पत्रा वाकवणाऱ्या कुणाकडंही पुठ्ठ्याचा साचा घेऊन जा, ॲल्युमिनियमचा पडदा तासाभरात मिळतो. फटी फोमच्या पट्टीनं बंद करा. स्क्रू स्टेनलेसचे, लोखंडी नकोत.

पंख्याची दिशाही तपासा. खानापूरला पंखा बदलला असेल तर तो उलटा बसण्याची शक्यता चांगलीच आहे. चौकटीवर बारीक बाण कोरलेला असतो, टॉर्च मारून वाचा. बाहेर जायच्या तोंडापाशी वहीच्या पानाची पातळ पट्टी धरा, ती बाहेरच्या बाजूला उडाली पाहिजे. कुणी उदबत्ती लावून धूर बघायला सांगेल. घरात ठीक, पण पेट्रोल आणि सिलिंडर असलेल्या बोटीत काडी ओढू नका.

गार हवा कुठून घ्यायची तेही ठरवा. केबिनच्या सावलीतून, जमिनीलगत. इंजिनच्या खोलीतून नाही आणि तळाच्या पोकळीतूनही नाही, तिथं वाफा साचतात. आणि भोकं फक्त केबिनच्या लाकडी कपाटाला. बोटीच्या मूळ भिंतीला किंवा इंजिन आणि केबिनमधल्या पाणबंद फळीला करवत लावायची असेल तर आधी बोट बांधणाऱ्याला विचारा.

बदल करायच्या आधी आणि नंतर एकच माप घ्या. वायरवाला थर्मामीटर, माशांच्या टाकीचा मिळतो तोही चालेल. त्याचं टोक पंख्याच्या ओढीच्या बाजूला टांगा, दुसरा केबिनमध्ये ठेवा. भर दुपारी दोघांत चार-पाच अंशांपर्यंत फरक असेल तर ठीक. दहा-पंधरा निघाला तर अजून कुठंतरी हवा गोल फिरतेय.

बॅटरीची गोष्ट वेगळी, पण गुंतलेली. कंप्रेसर न थांबता चालला तर बॅटरी बसणारच. साडेचार अँपियर घेणारा कंप्रेसर दिवसातला अर्धा वेळ चालला तरी 54 अँपियर-तास जातात. शंभरच्या साध्या बॅटरीतून तेवढेच काढावेत, नाहीतर ती लवकर मरते. त्यात वायर. जुन्या बोटीत घरातल्या बोर्डाची दीड स्क्वेअर मिलिमीटरची वायर वापरलेली हमखास सापडते. बॅटरी सहा मीटरवर असेल तर जाऊन-येऊन बारा मीटर, आणि पाच अँपियरला पाऊण व्होल्टच्या आसपास वायरमध्येच जातो. वर वायरच्या टोकाच्या लगवर हिरवा-काळा थर असेल तर आणखी. पेटी साधारण 10.4 व्होल्टला कंप्रेसर बंद करते आणि 11.7 झाल्याशिवाय पुन्हा सुरू करत नाही. म्हणून मीटर बॅटरीवर नाही, पेटीच्या पिनांवर लावा, तेही कंप्रेसर चालू असताना. वायरचं कंप्रेसर कंपनीचं कोष्टक लक्षात ठेवायला सोपं आहे, बारा व्होल्टला जितके मीटर अंतर तितके स्क्वेअर मिलिमीटर. चार मीटरला चार, सहाला सहा. मध्ये स्विचबोर्ड नको, थेट बॅटरीवरून, 15 अँपियरचा फ्यूज टाकून.

दाराचं रबर कागद अडकवून ओढून बघा, सैल निघाला तर बदला. पाणी निघायचं भोक उघडं असेल तर बूच मारा, थंड हवा जड असते, ती तिथूनच खाली गळते.

आणि एक, जे तुम्ही लिहिलं नाही पण पर्यटक बोट म्हटल्यावर मी गृहीत धरतोय. सकाळी नऊला दुकानातून आणलेल्या कोमट बाटल्यांचे दोन खोके आत कोंबता का? 24 लिटर पाणी 35 वरून 8 अंशांवर आणायला जवळजवळ पाऊण युनिट उष्णता काढावी लागते. एवढासा फ्रीज 75 वॅटच्या हिशोबानं उष्णता ओढतो असं धरलं तर नुसत्या पाण्यालाच दहा तास. तोवर बोट परत धक्क्याला लागलेली असेल. बाटल्या आदल्या रात्री चार्जर चालू असताना भरा, किंवा पाण्यासाठी बर्फाची पेटी वेगळी ठेवा आणि फ्रीज दूध-लोण्यापुरता वापरा.

एवढं करून टेबलफॅनच्या चाचणीतही प्लेट अर्धीच पांढरी राहिली तर मग गॅसचं बोलू. तेव्हा फ्रीज पुन्हा घाटावर आणू नका, मेकॅनिकलाच बोटीवर न्या आणि काम फ्रीज बसवलेल्या जागीच करून घ्या. आधी गळती शोधून बंद करायची, ओल टिपणारा ड्रायर नवा, नळ्यांतली हवा ओढून व्हॅक्यूम, मग फ्रीजच्या पाटीवर लिहिलेला गॅस लिहिलेल्या ग्रॅममध्येच, वजनकाट्यावर. या लहान यंत्रांत गॅस मूठभरच असतो, दाब बघून अंदाजे सोडला तर हमखास जास्त होतो आणि परतीची नळी कंप्रेसरपर्यंत बर्फानं माखते. तोपर्यंत मला दुपारी दोनचे तीन आकडे पाठवा: कपाटातलं तापमान, केबिनचं तापमान आणि पेटीच्या पिनांवरचं व्होल्टेज. जमलं तर कपाटाच्या आतला फोटोही, फळी काढून.