गुडघे दुखतात म्हणून बूट काढायचे का?

जाड सोलचे बूट घालून गंगापूर रोडवर पळताना तुमचे गुडघे दुखतात, दोन महिन्यांवर हाफ मॅरेथॉन आहे, आणि ग्रुपमधले मित्र म्हणतात की बूट फेकून अनवाणी पळा, आपली नाशिकची धावपटू कविता राऊत तशीच घडली. बूट आत्ता फेकू नका, एवढं आधी सांगतो.

कविताताईंचा दाखला आपण नाशिककर फार सहज देतो. सावरपाड्यासारख्या पाड्यावर वाढलेल्या पोरीचे पाय लहानपणापासून डोंगरवाटांवर घडलेले असतात. तुमचेआमचे पाय बुटात वाढले. इथिओपियाचा धावपटू अबेबे बिकिला, त्याचंही तेच. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकली हे सगळे सांगतात. १९६४ला टोकियोत त्याच माणसाने बूट घालून, २ तास १२ मिनिटांत, पुन्हा सुवर्ण जिंकलं, ते कुणी सांगत नाही.

आता पायात काय होतं ते बघा. जाड गादीच्या बुटात बहुतेक लोक टाच आधी टेकवतात. अनवाणी पळताना टाचेला ठणका बसतो, म्हणून शरीर आपोआप पाऊल आखूड टाकतं आणि चवड्यावर उतरतं. हार्वर्डचे संशोधक लिबरमन यांच्या गटाने २०१०मध्ये मोजून दाखवलं, की सवयीने अनवाणी पळणाऱ्यांच्या चवड्यावरच्या टेकण्यात पाय टेकताक्षणी बसणारा तो पहिला आदळा जवळजवळ नसतोच. पण भार कुठे नाहीसा होत नाही. गुडघ्यावरचा कमी झाला की पोटरी, टाचेमागची शीर आणि चवड्याची हाडं तो उचलतात. या हाडांना तयार व्हायला कित्येक महिने लागतात. घाईने बूट सोडणाऱ्यांच्या चवड्याच्या हाडाला बारीक तडा जातो, तो असा.

श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी केली म्हणून पळताही येईल, असं धरू नका. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो; पळताना हवेतून उतरलेल्या एका पायावर वजनाच्या दुप्पट-अडीचपट भार येतो.

मग गुडघ्याचं काय? बूट तेच ठेवा, पाऊल थोडं आखूड करा, मिनिटाला पावलं थोडी वाढवा. अनवाणी पळण्यातला बराचसा फायदा याच एका बदलात आहे आणि त्याला खर्च शून्य. आठवड्याचं अंतर एकदम वाढवलं असेल तर आधी ते कमी करा. माझा पहिला संशय त्यावरच आहे.

अनवाणीची हौस असेलच तर शर्यत झाल्यावर. कृषीनगर किंवा गोल्फ क्लबच्या बाजूला काचा-खडे नसलेली मऊ माती बघून सकाळी लवकर, पळणं संपल्यावर चार-पाच मिनिटं. दुपारी डांबरावर अजिबात नाही, तळवे भाजतील. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून येतील, ते चालतं. चवड्यात एकाच जागी बोट ठेवल्यावर दुखलं तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल किंवा तळव्याला बधिरपणा असेल तर हा प्रयोगच करू नका, जखम झालेली कळत नाही.