'असले सिनेमे बघून पोरगं बिघडेल का हो?'

हा प्रश्न मला आता इतक्यांदा येतो की म्हटलं एकदाच नीट लिहून टाकते. जर्मनीत राहणाऱ्या आपल्या मराठी पालकांकडून तर हमखास, कारण तिकडे शाळेतच 'चिक' शिकवतात. हेर्नडॉर्फ यांची २०१० ची कादंबरी आणि तिच्यावर फातिह आकिन यांनी २०१६ मध्ये केलेला सिनेमा. चौदा वर्षांची दोन पोरं, माईक आणि चिक, चोरीच्या लाडा गाडीतून बर्लिनहून निघतात, नकाशा नाही, लायसन्स तर नाहीच. माईकची आई दारूच्या व्यसनातून सुटायला बाहेर गेलेली आणि बाप त्याच्या तरुण असिस्टंटबरोबर 'बिझनेस ट्रिप'वर. आता हे वाचून कुठल्या मराठी आईच्या पोटात गोळा येणार नाही!

तर बर्लिनमधली एक आई, माझ्याकडे समुपदेशनाच्या ऑनलाइन सेशनला (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). मुलगा चौदाचा. "मॅडम, तो पिक्चर चार-पाचदा बघितलाय त्याने, आमच्याशी बोलत नाही, दार लावून बसतो, पळून गेला तर?"

मी विचारलं, त्यातला कुठला सीन तो परत परत बघतो?

"गाडी चालवायचाच असणार ना."

"असणार की आहे?"

माहीत नव्हतं. मग मी एकच काम दिलं, त्याच्याबरोबर सिनेमा बघा, मध्ये बोलू नका, उपदेश तर अजिबात नको आणि संपल्यावर एवढंच विचारा की तुला कुठला सीन आवडतो. बाबा म्हणाले, मला वेळ नाही. ठीक आहे, आई तर आई.

पुढच्या वेळी बाई कॅमेरा सुरू झाल्या झाल्याच रडायला लागल्या. मुलाने दाखवलेला सीन गाडीचा नव्हताच. माईक वर्गात आईवरचा निबंध वाचतो, तिच्या दारूबद्दल खरं खरं, आणि मग पोरं त्याला 'सायको' म्हणायला लागतात, तो. आणि मुलगा म्हणाला, "आई, त्याने निदान सांगितलं तरी. मला तर तुम्ही सांगू पण देत नाही."

काय सांगू देत नाही? तर बाबांची नोकरी गेली होती, बरेच महिने झाले होते, आणि साताऱ्याला आजीआजोबांना कळता कामा नये अशी घरात सक्त ताकीद. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर हा पोरगा "बाबा ऑफिसच्या कामात आहेत" म्हणून खोटं बोलत होता. दार लावून तो पळायची तयारी करत नव्हता हो, पुढच्या रविवारची धास्ती घेऊन बसला होता.

मी पहिल्यापासून याच मताची आहे की मूल एकटं कधी बघायचं नाही, घर बघायचं. घरातली मोठी माणसं जे झाकतात त्याची राखण बहुतेक वेळा सगळ्यात लहान माणूस करत असतो, आणि त्याला आपण 'हट्टी झालाय, मोबाईलने बिघडलाय' म्हणतो. सिनेमाचं नाव निघालं की मी म्हणूनच खूश होते, कारण स्वतःबद्दल न बोलणारं पोर माईकबद्दल तासभर बोलतं. तुम्ही फक्त माईकबद्दलच विचारा. "तुझं पण असंच आहे का?" हे विचारायचं नाही, तिथे दार परत बंद. सिनेमाच्या शेवटी कोर्टात बाप सांगतो सगळं चिकवर ढकल आणि माईक खरं बोलतो, त्यावर "तू काय केलं असतंस" एवढं पुरतं.

त्या घरात पुढे बाबांनीच साताऱ्याला फोन केला. दोनेक सेशन मला त्यांच्यावर खर्च करावी लागली, मुलावर जवळजवळ नाहीच.

आता काळजी कधी करायची? झोप-जेवण बिघडलं, शाळा बुडायला लागली, पैसे गायब होतायत, मरणाच्या गोष्टी करतोय, तर सिनेमाची चर्चा बाजूला ठेवा आणि लगेच मदत घ्या. मुलांना स्वतः बोलायला जर्मनीत ११६१११ हा मोफत नंबर आहे, नाव सांगावं लागत नाही, भारतात १०९८. आणि सगळे सिनेमे सारखे नसतात बरं का. 'चिक'ला तिकडे वयाच्या बाराव्या वर्षापासून परवानगी आहे, पण १९८१ चा 'क्रिस्टियाने एफ.' हेरॉइन या ड्रगच्या व्यसनाबद्दल आहे, सोळाच्या पुढचा, तो तेराव्या वर्षी एकट्याने बघू देऊ नका, आधी तुम्ही बघा, जड जाईल पण बघा.