वाचकांचे प्रश्न : सातपुड्यातली अनोळखी अळंबी

प्रश्न : यावलच्या जंगलात सागाच्या कुजक्या पाल्यावर उगवलेली जांभळट अळंबी कोणत्याच पुस्तकात सापडली नाही. तिला नवी प्रजाती म्हणता येईल का?
— एक वाचक, जि. जळगाव

उत्तर : एवढ्यावरून नाही. एकाच प्रजातीची छत्री संततधारेत आणि उघडिपीत निरनिराळ्या रंगांची दिसते. छत्री कल्ले (तिच्या खालच्या बाजूच्या पातळ पट्ट्या) खाली करून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर रात्रभर झाकून ठेवली, तर बीजाणूंचा जो ठसा उमटतो, त्याचा रंग अधिक भरवशाचा असतो. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंची मापे घेतात आणि डीएनएतील ‘आयटीएस’ हा भाग, जो 2012पासून बुरशींचा अधिकृत बारकोड (प्रजाती ओळखण्याची डीएनएतील खूण) मानला जातो, ज्ञात प्रजातींशी ताडून पाहतात. वेगळेपण टिकले, तरच नामकरण! त्यासाठी वाळवलेला मूळ नमुना मान्यताप्राप्त संग्रहात (पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत असा संग्रह आहे) ठेवावा लागतो, लॅटिन किंवा इंग्रजीत वर्णन प्रसिद्ध करावे लागते आणि 2013पासून नोंदणी क्रमांकही आवश्यक झाला आहे. यावल हे अभयारण्य असल्याने नमुना उचलण्यापूर्वी वनविभागाची परवानगी घ्यावी. तोवर छायाचित्रे काढावीत, शेजारची झाडे टिपून ठेवावीत आणि ती अळंबी चाखून मात्र पाहू नये.