घार जिवंत आहे, हे आधी मुलीला सांगा

(पत्राचा गोषवारा : येवल्यातील एका पालकांची मुलगी बारावी विज्ञान शाखेत असून ‘नीट’च्या तयारीसाठी लातूरला वसतिगृहात राहते. संक्रांतीला ती घरी आली असताना, करीच्या दिवशी तिला नायलॉन मांजात अडकलेली घार सापडली. तिने ओढणी टाकून घार पकडली, खोक्यात ठेवली आणि वनविभागाला कळवून त्यांच्या स्वाधीन केली. लातूरला परतल्यावर ती दर फोनमध्ये घारीची चौकशी करू लागली, सराव परीक्षांतील गुण घसरले आणि आता ‘मला वन्यप्राण्यांची डॉक्टर व्हायचे आहे’ असे ती म्हणते. वडील लिहितात, ‘तिचे मन अभ्यासात लागावे म्हणून घार मेली असे मी तिला सांगितले. ढोरांची डॉक्टर होण्यात भविष्य नाही, एमबीबीएसच करावे, असे आपण तिला लिहून कळवावे.’)

महोदय,

आपल्या पत्रात गुणांविषयी दीड पान आहे आणि घारीविषयी जेमतेम तीन वाक्ये आहेत. मला मात्र त्या तीन वाक्यांच्या पुढे जाता आले नाही. उपचार केंद्रातून आपल्याला फोन आला, घार खाऊ लागली आहे पण पुन्हा उडेल याची खात्री नाही असे कळले, आणि त्याच संध्याकाळी आपण मुलीला ती मेल्याचे सांगितले. परीक्षा होईपर्यंत हे निभावून नेऊ, मग बघू, असा आपला हिशेब दिसतो. परंतु परीक्षा संपल्यावर ती घरी येईल, केंद्राचा क्रमांक मिळवील आणि एका मिनिटात तिला सारे कळेल. त्या दिवशी तिला घारीबद्दल जेवढे समजेल, त्याहून अधिक आपल्याबद्दल समजेल.

आपण दोन्ही सराव परीक्षांच्या तारखा दिल्या आहेत, म्हणून त्या मी ताडून पाहिल्या. पहिल्या परीक्षेत घसरण किरकोळ आहे. मोठी घसरण दुसऱ्या परीक्षेत आहे, आणि ती परीक्षा आपण घार मेल्याचे सांगितल्यानंतर चौथ्या दिवशी झाली. सतरा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या हाताने उचललेला पक्षी मेला असे ऐकल्यावर तिच्या मनात पहिली शंका आपल्याच हातून काही चुकले का, अशीच येणार. आपण तिचे लक्ष विचलित करणारी गोष्ट दूर केली असे आपल्याला वाटते. वस्तुतः आपण तिच्या डोक्यावर एक अपराध ठेवला आहे.

तोही न केलेला. आपल्या पत्रात जे ओघात आले आहे, ते मला तिच्या प्रगतिपुस्तकापेक्षा महत्त्वाचे वाटते. तिने घारीचे डोके आधी झाकले, कारण डोळ्यांपुढे अंधार झाला की शिकारी पक्षी शांत होतो. तिने चोचीला न घाबरता आधी पाय धरले, कारण खरी इजा नख्यांनी होते. मांजा ओढून काढला नाही, जखमेपासून दूर कात्रीने कापला. चोचीत पाणी ओतले नाही (हे जवळजवळ प्रत्येक दयाळू माणूस करतो, आणि ते पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते), दूध-पोळी भरवली नाही, खोक्याला भोके पाडून ते अंधाऱ्या खोलीत ठेवले, शेजारच्या मुलांना बघायला येऊ दिले नाही आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन केला. राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांजावर २०१७ मध्ये देशभर बंदी घातली असली, तरी आपल्या गावात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस आसाऱ्या (मांजाच्या फिरक्या) फिरत असताना वर काय चालते हे आपण माझ्यापेक्षा जवळून पाहता. त्या गोंगाटात इतके नेमके वागलेल्या मुलीचे मन भरकटले आहे, असे मी म्हणू शकत नाही.

घार उडेल की नाही याची खात्री का नाही, तेही आपण समजून घ्यावे. खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला त्वचेचा एक ताणलेला पडदा असतो आणि त्याच्या कडेने एक बारीक स्नायुबंध जातो. मांजा बहुधा तिथेच बसतो. हाड मोडले तर ते सांधता येते. हा बंध तुटला, तर जखम वरून बरी दिसते, पक्षी खातो, फटकारतो, पण पंख पुरता उलगडत नाही. केंद्रात महिना-दीड महिना राहिलेल्या घारीच्या तळपायाला, एकाच कठीण दांडीवर बसून राहिल्यामुळे, सूज येऊन संसर्ग होऊ शकतो, म्हणून दांडीला काथ्या गुंडाळावा लागतो आणि तळवे तपासत राहावे लागते. या कामात माया फार थोडा वेळ उपयोगी पडते. उरलेला वेळ मांसाचे तुकडे मोजणे, वजन टिपणे आणि पिंजरे धुणे यांत जातो. जो पक्षी उडणार नाही आणि वेदनेतून सुटणारही नाही, त्याच्यासाठी काही वेळा दयामरणाचा निर्णय पशुवैद्याला घ्यावा लागतो, आणि ज्याने तो पक्षी आणून दिला त्याला ते समोर बसवून सांगावे लागते. आपल्या मुलीला हे काम झेपेल का, हा प्रश्न योग्य आहे. मात्र तिच्यापासून खरी बातमी लपवून त्याचे उत्तर मिळणार नाही.

आता ‘ढोरांची डॉक्टर’ या शब्दांविषयी. आपण ते हिणवून लिहिले आहेत, आणि गाई-म्हशींचे औषधपाणी शिकून मुलगी पक्ष्यांच्या उपयोगी कशी पडणार, असेही विचारले आहे. या देशात शिकारी आणि मृतभक्षक पक्ष्यांवर आलेले सर्वांत मोठे संकट गोठ्यातूनच आले होते. १९९० च्या दशकापासून आपल्याकडची गिधाडे इतकी झपाट्याने नाहीशी झाली, की पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांत हजारी एखादेच उरले. कारण २००४ मध्ये उघड झाले: दुखऱ्या जनावराला टोचलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्याच्या मृतदेहात राहत होते, ते मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. याच औषधाच्या माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जात राहिल्या म्हणून २०१५ मध्ये त्या कुप्यांवरही बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या गिधाडांना तशाच घातक वेदनाशामकांचा जनावरांसाठी वापर थांबवण्यात आला. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक मात्र गिधाडांना सुरक्षित आहे. म्हणजे लंगडणाऱ्या बैलासमोर उभा राहून कोणती बाटली उघडायची हे ठरवणारा तालुक्याचा पशुवैद्य, आयुष्यात एकदाही गिधाडाला हात न लावता, कित्येक गिधाडे वाचवू किंवा मारू शकतो. ज्यांना आपण ढोरांचे डॉक्टर म्हणता त्यांच्या हातात हे आहे.

वाटेविषयी थोडक्यात: बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. हा पशुवैद्यकीय पदवीचा, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, राज्यातील प्रवेश नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठामार्फत ‘नीट’च्याच गुणांवर होतात, आणि पुढे वन्यजीव विषयात पदव्युत्तर शिक्षण घेता येते. परीक्षा तीच असल्यामुळे, ज्या भांडणासाठी आपण दोघांनी हा महिना घालवला, ते निकालानंतर भरायच्या अर्जाचे भांडण आहे. मुलीनेही ऐकावे असे कटू सत्य एवढेच, की या अभ्यासक्रमात वन्यजीवांचा वाटा लहान आहे, बरीच वर्षे तिचा हात खांद्यापर्यंतच्या मोज्यात आणि म्हशीच्या पोटात असेल, आणि वन्यप्राण्यांसाठी पशुवैद्यांच्या कायम जागा थोड्या आहेत. बहुतेक जण पशुधन विकास अधिकारी होतात किंवा स्वतःचा दवाखाना काढतात. तिला हे मान्य नसेल, तर तिने दुसरा मार्ग पाहावा.

तिची आणखी एक इच्छा आपण कळवली आहे, की उडू न शकणारी घार घरी आणून सांभाळावी. ते होणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय वन्यपक्षी बाळगता येत नाही, आणि कायदा नसता तरी मी नकोच म्हटले असते. गच्चीवरच्या पिंजऱ्यात माणसांना सरावलेली घार ही बऱ्या झालेल्या घारीची जागा घेऊ शकत नाही. परीक्षेनंतर केंद्राने परवानगी दिली तर तिने तिथे महिनाभर पडेल ते काम करावे. पहिल्या आठवड्यात पक्ष्याला हात लावायला मिळाला नाही म्हणून ती कंटाळली, तर आपल्यालाही उत्तर मिळेल आणि तिलाही.

वसतिगृहात रविवारी दुपारी फोन देतात, असे आपण लिहिले आहे. या रविवारी गुणांचा विषय काढू नका. घार जिवंत आहे, ती पुन्हा उडेल याची खात्री नाही आणि मी तुला खोटे सांगितले, या तीन गोष्टी याच क्रमाने सांगा. तिने चिडून फोन ठेवला, तर लगेच पुन्हा लावू नका. तिला पत्र लिहायला माझी हरकत नाही. मात्र आपण फोन केल्याचे कळवाल त्यानंतरच ते पाठवीन, आणि त्यात आपण सांगितलेला मजकूर नसेल.