जुन्या बाजारात घेतलेल्या, शिक्का नसलेल्या चिनी मातीच्या डिनर सेटची ओळख कशी पटवावी?

आपण नागपूरच्या सदर भागातील एका जुन्या सामानाच्या दुकानातून मोठ्या प्लेटा, झाकणाचे खोल भांडे आणि रस्सा वाढण्याचे चोचीचे भांडे असा अपुरा संच घेतला आहे. सायीच्या रंगाच्या त्या भांड्यांवर गुलाबाचे गुच्छ आहेत, तळाशी शिक्का नाही, आणि शिक्का नाही म्हणजे माल १८९१ पूर्वीचा विलायती, असे विक्रेत्याने आपल्याला सांगितले. कंपनी कोणती, वय किती आणि त्यात जेवावे का, असे आपण विचारले आहे. नागपुरातील जुनी क्रोकरी मी आवडीने पाहत आणि जमवत आलो आहे, त्या आधारे हे लिहीत आहे.

विक्रेत्याने सांगितलेले १८९१ हे साल मनातून काढून टाकावे. अमेरिकेने १८९० मध्ये मॅकिन्ली जकात कायदा केला आणि पुढच्या वर्षापासून तेथे येणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव असणे बंधनकारक झाले. मुंबई किंवा कलकत्त्याच्या बंदरात उतरणाऱ्या मालाशी त्या कायद्याचा संबंध नव्हता. शिवाय शिक्का नसण्याची कारणे अगदी साधी असतात: संचातल्या मोजक्याच नगांवर शिक्का मारलेला असतो, दुय्यम प्रतीचा माल बिनशिक्क्याचा विकला जातो, कधी नुसते कागदी लेबल असते आणि ते पहिल्याच धुण्यात निघते. झिलईच्या (भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत थराच्या) वर मारलेला शिक्का तर वर्षानुवर्षे राखेने घासून पार पुसला जातो, आणि आपल्याकडे भांडी राखेनेच घासली जात. म्हणून प्रत्येक नग उलटा करून खिडकीच्या तिरप्या उजेडात धरावा. पुसलेल्या शिक्क्याच्या जागी झिलईची चमक किंचित मंद दिसते. मातीत दाबून उमटवलेले आकडे असतील तर तेही अशाच उजेडात उठून दिसतात.

त्यानंतर बूड नीट पाहावे. प्लेट ज्या कडीवर टेकते, तेथे झिलई नसेल त्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवावा. थेंब हळूहळू शोषला गेला तर ती सच्छिद्र, कमी तापमानाला भाजलेली माती, म्हणजे अर्दनवेअर. तसाच राहिला तर पोर्सलीन (जास्त तापमानाला भाजलेली पक्की चिनी माती), बोन चायना (हाडांची राख मिसळलेली चिनी माती) किंवा हॉटेलांत चालणारी जाड, पक्की भाजलेली क्रोकरी. बुडाची कडही झिलईने झाकलेली असेल तर प्लेटच्या मागच्या बाजूला, काठाखाली बोट फिरवावे. भट्टीत प्लेट ज्या टोकदार आधारांवर ठेवली जाई, त्यांचे तीन बारीक खरखरीत ठिपके किंवा ठिपक्यांचे तीन पुंजके तेथे लागतात, आणि अर्दनवेअरची ही चांगली खूण आहे. मग अंधाऱ्या खोलीत प्लेटमागे टॉर्च धरून टॉर्च आणि प्लेट यांच्यामध्ये बोटे हलवावीत. प्लेटमधून बोटांची सावली दिसली तर पोर्सलीन किंवा बोन चायना. त्यात बोन चायनाचा उजेड उबदार, दुधाळ असतो, तर कठीण पोर्सलीनचा बहुधा निळसर थंड. टिचकी मारून आवाज ऐकणेही उपयोगी, पण त्याचा खरा उपयोग तडा शोधण्यासाठी आहे: तडा गेलेले भांडे बद्द वाजते. आपण सांगितलेल्या सायीच्या रंगावरून माझा कल अर्दनवेअरकडे आहे.

आता गुलाबांविषयी, कारण बहुतेकांची शोधाशोध येथेच भरकटते. इतवारीच्या सराफ्यात मिळते तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग पाकळीवर धरावे. रंग बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसला तर ती छापील डिकल, म्हणजे कागदावर छापून भांड्यावर उतरवलेले चित्र आहे. कुंचल्याचे फटकारे दिसले तर हाताचे काम. एकरंगी रेघांची नक्षी असून काठाच्या पट्टीत एके ठिकाणी जोड नीट जुळलेला नसेल, तर तो तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून पातळ कागदाने उतरवलेला छाप. बहुरंगी डिकल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सर्रास वापरात आल्या, म्हणून आपले गुलाब ठिपक्यांचे निघाले तर संच विसाव्या शतकातला मानणे अधिक सयुक्तिक. डिकल छापणारे कारखाने वेगळे होते आणि तीच नक्षी ते अनेक भांडी-कारखान्यांना विकत, त्यामुळे तोच गुच्छ तीन देशांच्या मालावर सापडू शकतो. साचा मात्र सहसा त्या त्या कारखान्याचा स्वतःचा असे. म्हणून इंटरनेटवर चित्रे जुळवताना गुलाब बाजूला ठेवून झाकणाची मूठ, भांड्याचे कान, चोचीचा बाक आणि काठाची नागमोड जुळवावी. हे सगळे जुळले, तरच कंपनीचे नाव घ्यावे.

विलायती माल नागपुरात असणे अगदी शक्य आहे. कामठीची छावणी १८२१ ची, मध्य प्रांताची राजधानी १८६१ पासून येथे, आणि मुंबईची रेल्वे १८६७ मध्ये आली. सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांतले सामान पुढे जुन्या बाजारात येणे स्वाभाविकच होते. तरीही त्याच घरांत जपानी माल होता, कलकत्त्याच्या बेंगाल पॉटरीजचा होता, ग्वाल्हेर आणि खुर्ज्याचाही होता, आणि चांगला देशी संच विलायती म्हणून खपवला जातो याचे मला मनापासून वाईट वाटते. रेल्वेच्या किंवा लष्करी मेसच्या भांड्यांवर बहुधा दर्शनी बाजूलाच चिन्ह असते. आपला संच घरगुती असावा.

जेवणाबाबत मी सावध राहीन. जुन्या झिलईत आणि विशेषतः झिलईवरच्या लाल, पिवळ्या, केशरी रंगांत शिसे असू शकते, आणि आंबट पदार्थांत ते उतरते. गोळाभाताबरोबरची कढी, चिंचेचे सार, लोणचे, संत्र्याच्या फोडी यांपैकी काहीही त्या भांड्यांत ठेवू नये, आणि लहान मुलांना किंवा गरोदर स्त्रीला त्यात वाढूच नये. ज्या प्लेटांवर केसासारख्या भेगांचे जाळे पसरून ते तपकिरी झाले आहे, त्या जेवणातून कायमच्या बाद कराव्यात, कारण त्या भेगांत तेल आणि ओल मुरलेली असते. घरगुती चाचणीच्या काड्यांवर भिस्त ठेवू नये. खात्री हवी असेल तर प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. सोनेरी काठ असलेला कोणताही नग मायक्रोवेव्हमध्ये जाता कामा नये.

आपण झाकणाची मूठ, चोचीच्या भांड्याचा कान आणि एका प्लेटचे बूड यांची छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय काढून येथे जोडलीत, तर साच्यावरून आणखी काही सांगता येते का, ते मी अवश्य पाहीन.