रिपोर्ट तर चांगला होता

"मॅडम, पोराच्या मेंदूला कॅल्शियम कमी पडतंय का?" परीक्षांच्या हंगामात माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्यांदा कानावर येतो, की पालकांनी खुर्ची पुढं ओढली की मी ओळखते.

या वडिलांचंही तेच. मुलगा नीटची तयारी करणारा. घरी सगळं येतं, परीक्षेत पाटी कोरी. मेंदूतले निरोप कॅल्शियमवर चालतात, असं मोबाइलवर वाचलेलं. मग रोज संध्याकाळी कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा ग्लास, वर गोळ्या. रक्तातलं कॅल्शियम मात्र ९.४, हवं तेवढं.

वाचलेलं खोटं नव्हतं, हीच पंचाईत. म्हणून तिसऱ्या भेटीत मी तो धडा मुलालाच मला शिकवायला सांगितला. गडी खुलला. मज्जातंतूच्या टोकाशी विजेची लहर पोचली की कॅल्शियमच्या वाहिन्या, म्हणजे पेशीच्या कडेतल्या वाटा, उघडतात. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट, ते आत घुसतं. रसायनांनी भरलेल्या पिशव्या कडेला जाऊन मोकळ्या होतात, निरोप पलीकडं. पापणी लवायच्या कितीतरी आधी.

"राधानगरी धरणाच्या दरवाज्यांगत," तो म्हणाला. "पातळी आली की आपोआप." (उपमा त्याची. मी आता सर्रास वापरते.)

"आणि परीक्षेत काय होतं?"

"छाती धडधडती. हात गार."

"धडधड कशानं?"

"ॲड्रेनलिन."

"ते ग्रंथीतून कशामुळं सुटतं?"

तो गप्प झाला. उत्तर येत नव्हतं म्हणून नव्हे. मीही बोलले नाही; अशा वेळी तोंड मिटून बसणं मला फार उशिरा जमलं.

"कॅल्शियममुळंच की!" मग हसला. "म्हंजे दारं उघडत्यात."

धडधडलं की मेंदू बंद पडला, हा अर्थ त्यानंच लावला होता आणि घाबरत होता तो त्या अर्थाला. माझं बहुतेक काम या अर्थांशीच असतं.

पालकांनी एवढं ध्यानात घ्यावं: रक्तातली पातळी शरीर स्वतः राखतं, कमी पडलं तर हाडांतून काढतं. जास्तीच्या ग्लासानं पाठांतर वाढत नाही. हातपायांत मुंग्या, गोळे येत असतील तर डॉक्टरांना दाखवा, मनानं गोळ्या नकोत. सराव पेपर घड्याळ लावून सोडवायला बसवा. धडधड थांबायची वाट न बघता पहिला सोपा प्रश्न लिहू द्या.

पुढच्या सराव परीक्षेनंतर तो सांगायला आला. हात गार पडले होते, पण पेपर पुरा झाला. गोळ्या बंद आहेत. कट्ट्यावर जातो अजून, पण मित्रांबरोबर.